देवाजवळ कबूल केलं, मग मामांकडेही जायला हवं का?

एका बंधूंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. नऊ वर्षांपूर्वी ते तालुक्याच्या गावातल्या आपल्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, खजिनदार होते. चर्चच्या छपरासाठी जमलेल्या निधीतून त्यांनी आईच्या ऑपरेशनसाठी तीन वेळा मिळून ४८,००० रुपये उचलले. पहिल्या दोन वेळा खोटी बिलं लावून हिशेब जुळवला. तिसऱ्या वेळी कपाटातली रोकड मोजताना कमी भरली. पुढे त्यांनी २०,००० रुपये गुप्तदान म्हणून अर्पणात टाकले. आज ते चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीत पंच आहेत आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, दिवशी पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) शेजारी उभे राहतात. ते लिहितात, "देवाजवळ शंभरदा कबूल केलं, पण शांती नाही. एवढं पुरेसं नाही का? वसईचा माझा कॅथलिक मित्र फादरांकडे जातो आणि मोकळा होतो. आम्हाला तशी सोय का नाही?" अगदी शेवटी कंसात लिहिलं आहे की त्या वेळी संशय चर्चच्या शिपाईमामांवर गेला होता, कारण कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची. मामा काम सोडून लेकीच्या गावी राहायला गेले. आता पंच्याहत्तरीचे असतील.

जय ख्रिस्त, बंधू.

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. आईच्या आजारपणाबद्दल तुम्ही भरभरून लिहिलं आहे, पैशाचा हिशेब दिला आहे, शांती नाही म्हणून कळवळला आहात. मामांबद्दल मात्र चारच वाक्यं आहेत आणि तीही कंसात. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या कंसात आहे. पैशाचं पाप तुम्ही नऊ वर्षं देवापुढे नेत आला आहात. मामांचं जे झालं त्याला तुम्ही अजून पाप म्हटलेलंच नाही. तुम्ही लिहिता, 'संशय त्यांच्यावर गेला.' जणू तो संशय आपल्या पायांनी चालत त्यांच्या घरी गेला. पंचांच्या ज्या बैठकीत मामांना किल्लीबद्दल विचारलं गेलं, त्या बैठकीत खजिनदार म्हणून तुम्हीही बसला असाल. तुम्ही खोटं बोलला नाहीत, गप्प राहिलात. पण बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाचं पहिलंच वचन उघडून पाहा. साक्ष द्यायला बोलावलं असता ज्याला ठाऊक आहे तो बोलला नाही, तर त्याच्या अन्यायाचा भार त्याच्यावर राहील, असा तिथे नियम आहे. नियमशास्त्रात मौनालाही खोट्या साक्षीच्या शेजारी बसवलेलं आहे.

हे कठोर वाटेल याची मला जाणीव आहे. मी एकतीस वर्षं नगर जिल्ह्यातल्या लहानमोठ्या मंडळ्यांत पाळक म्हणून काम केलं आणि अशा प्रश्नाला सुरुवातीच्या काळात फार मऊ उत्तरं दिली. "प्रभूने क्षमा केली आहे, आता विसरा," असं म्हणून पाठीवर हात ठेवायचा आणि प्रार्थना करायची. माणूस डोळे पुसत घरी जायचा आणि सहा महिन्यांनी तेच पाप घेऊन परत यायचा. तेव्हा मला वाटायचं, याचा विश्वास कमी पडतोय. पुढे कळलं की बऱ्याचदा विश्वास कमी पडत नव्हता, कबुलीच अर्धी होती. जखमेचा जो भाग दाखवायला सोपा होता तेवढाच तो माणूस दाखवत होता आणि मीही तेवढ्यालाच पट्टी बांधत होतो.

आता तुमचा पहिला प्रश्न घेऊ. देवाजवळ कबूल केलं ते पुरेसं नाही का? क्षमेपुरतं बोलायचं तर योहानाचं पहिलं पत्र स्पष्ट आहे. आपण आपली पापं पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, क्षमा करील. यात मी एक अक्षरही वाढवणार नाही. क्षमा ख्रिस्ताच्या क्रुसामुळे मिळते. मामांचे पाय धरल्याने किंवा पैसे भरल्याने ती विकत घेता येत नाही. पण 'पदरी घेणं' म्हणजे काय, इथे आपली गल्लत होते. पदरी घेणं म्हणजे जे जसं आहे तसं ते आपलं म्हणून घेणं. तुम्ही चोरी पदरी घेतलीत. एका म्हाताऱ्या माणसाचं नाव गेलं, ते अजून तुमच्या पदरात नाही.

या बाबतीत लोक हमखास दावीदाचं एक्कावन्नावं स्तोत्र पुढे करतात. "तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे," असं दावीद देवाला म्हणतो. मग माणसांचा संबंध कुठे आला? मलाही तरुणपणी हे वचन अडचणीचं वाटायचं, कारण त्यामागे उरीयाचं प्रेत आहे. दावीदाने त्याची बायको घेतली आणि लढाईत त्याला ऐन हातघाईच्या जागी उभं करवून मारवलं. असं असताना 'फक्त तुझ्याविरुद्ध'? आता मी ते असं वाचतो. उरीयाशी केलेला अन्याय हा देवाशीच केलेला अन्याय होता, कारण उरीयाचा कैवारी देव होता. हे वचन उरीयाला वगळत नाही, उलट त्याला देवाच्या शेजारी नेऊन उभं करतं. आणि हे स्तोत्र दावीदाने उशीत तोंड खुपसून म्हटलेलं नाही. त्याच्या माथ्यावर मुख्य गवयाचा उल्लेख आहे, नाथान संदेष्ट्याचा आहे, उरीयाच्या बायकोचा, बथशेबाचाही आहे. राजाचं झाकलेलं पाप सगळ्या मंडळीने गाण्यासाठी दिलेलं आहे. उरीया जिवंत नव्हता, त्याच्या दारात जाऊन उभं राहण्याची वाट दावीदाने स्वतःच बंद केली होती. तुमचे मामा जिवंत आहेत.

बत्तिसावं स्तोत्रही याच्याबरोबर वाचा. ज्याच्या पापावर पांघरूण घातलं गेलं तो धन्य, असं ते सुरू होतं. नीतिसूत्रांच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात मात्र लिहिलं आहे की जो आपले दोष झाकतो त्याचं बरं होत नाही. मूळ इब्री भाषेत दोन्ही ठिकाणी झाकण्याचा धातू एकच आहे. फरक आहे तो पांघरूण कोण घालतो यात. देवाने घातलं तर खाली जखम भरते. आपणच घातलं तर ती आत सडते. दावीद म्हणतो, मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली. तुमच्या पत्रातली झोप न येणारी रात्र आणि त्याची हाडं, माझ्या मते एकच आजार आहे.

शब्दाबद्दलही थोडं सांगतो, कारण आपल्या मराठीमुळे एक घोटाळा होतो. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप, होरपळ. शब्द सुंदर आहे, पण ऐकणाऱ्याला वाटतं की होरपळ झाली म्हणजे काम झालं. नव्या करारातल्या ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणं असा आहे आणि जुन्या करारातला इब्री शब्द सरळ 'मागे फिरणं' असा आहे, चुकलेल्या वाटेवरून माणूस फिरतो तसा. होरपळ ही वाट चुकल्याची जाणीव आहे. फिरायचं अजून बाकी असतं. पौल करिंथकरांना याच फरकाबद्दल लिहितो. देवाला मान्य असलेलं दुःख तारणाकडे नेणारा पश्चात्ताप घडवतं, जगाचं दुःख मरण घडवतं. तुमची नऊ वर्षांची होरपळ खरी आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण तुम्ही त्याच जागी उभे राहून होरपळत आहात.

वसईच्या मित्राबद्दल. तो 'मोकळा होतो' हे तुमचं निरीक्षण अर्धंच आहे. कॅथलिक मंडळीत १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करण्याचा नियम आहे. फादरांवर गुप्ततेचं इतकं कडक बंधन आहे की ऐकलेलं ते कोणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगू शकत नाहीत. पण तिथेही नुसतं सांगितलं आणि सुटला असं नाही. खरा पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई अशा तिन्ही गोष्टी लागतात. चोरीचं पाप सांगणाऱ्याला फादर ते परत करायला सांगतात. दुसऱ्याच्या नावाला बट्टा लावला असेल तर तोही शक्य तितका धुवायला सांगतात. तुम्ही पापनिवेदनाच्या त्या जाळीपुढे गुडघे टेकले असते तरी उठल्यावर मामांच्याच गावची एसटी पकडायला लागली असती.

आणि आपल्याकडे सोय नाही, हे खरं नाही. आपण ती वापरत नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा असं लिहिलं आहे, ते आपल्याच शास्त्रात आहे. आपल्या प्रोटेस्टंट परंपरेची सुरुवात करणाऱ्या मार्टिन लूथरने खाजगी कबुली सक्तीची ठेवली नाही, पण टाकूनही दिली नाही. १५१७ मध्ये त्याने मांडलेल्या ९५ प्रबंधांतला पहिलाच असा आहे की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं, ही प्रभूची इच्छा आहे. आपण मात्र रविवारी उपासनेत सगळ्यांबरोबर पापांगीकार म्हणतो आणि तेवढ्यावर भागवतो. सगळे मिळून म्हणतात तेव्हा एकट्याचा आवाज कुणाला ऐकू येत नाही, अगदी स्वतःलासुद्धा. मी पाळक असताना पापांगीकारानंतर मिनिटभर शांतता ठेवायला सुरुवात केली. पहिल्या रविवारी लोक चुळबुळ करू लागले, कोणीतरी खोकलं, पेटीवाल्याने पुढच्या गीताचा सूर धरला. ती मिनिटभराची शांतता मंडळीच्या अंगवळणी पडायला वर्ष लागलं.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही माझं ऐकून भलतंच काहीतरी कराल. आमच्या भागात १९०५ सालचं केडगावचं संजीवन, म्हणजे तिथली आध्यात्मिक जागृती, पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडत, मोठमोठ्याने आपली पापं कबूल करत होत्या. ते देवाचं काम होतं असं मी मानतो. पण त्या गोष्टी ऐकून आमच्यापैकी अनेकांची अशी समजूत झाली की सगळ्यांसमोर उभं राहून ओरडून सांगितलं तरच पश्चात्ताप खरा. माझ्या सेवेच्या तिसऱ्या वर्षी, संजीवन सभांच्या काळात, एका तरुणाने मला एकांतात सांगितलं की गावातल्या एका विवाहित बाईशी त्याचे संबंध होते. मी त्याला रात्रीच्या सभेत उभं राहून कबूल करायला लावलं. त्याने नाव घेतलं नाही. पण चाळीस घरांच्या वस्तीत नाव घ्यावं लागत नाही. दुसऱ्या वाक्याला सगळ्या माना एकीकडे वळल्या. ती बाई महिन्याभरात माहेरी गेली आणि परत आली नाही. तरुणाला शांती मिळाली, मंडळीने हालेलुया म्हटलं. सहा वर्षांनी मी तिच्या माहेरी जाऊन तिची माफी मागितली. ती दारात उभी राहून ऐकत होती. "पाळकसाहेब, त्या दिवशी मला कुणी विचारलं होतं का?" एवढंच म्हणाली. मला उत्तर देता आलं नाही, आजही देता येत नाही.

त्या दारातून परत येताना मी जे ठरवलं ते पुढची सगळी वर्षं पाळलं. पाप जिथवर पोचलं तिथवर कबुली गेली पाहिजे आणि त्यापुढे ती एक पाऊलही जाता कामा नये. मनातल्या मनात कुणाचा हेवा केला, तर ते देवाजवळ बोला. त्या माणसाला जाऊन "मी तुमचा हेवा करत होतो" असं सांगणं म्हणजे आपलं ओझं त्याच्या डोक्यावर देणं. एका माणसाचं नुकसान केलं असेल तर त्या माणसाकडे जा. सगळ्या मंडळीत एखाद्याचं नाव खराब झालं असेल, तर ते मंडळीतच धुतलं पाहिजे, त्याला खाजगी भेट पुरत नाही. आणि तुमच्या कबुलीत तिसऱ्या कुणाची अब्रू अडकली असेल तर त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय तोंड उघडू नका.

हे माप तुमच्या गोष्टीला लावून पाहा. पैशाचं पाप निधीपर्यंत पोचलं. मौनाचं पाप मामांपर्यंत पोचलं आणि त्यांच्यामार्फत मंडळीतल्या प्रत्येक घरापर्यंत, जिथे आजही कुणीतरी म्हणत असेल, "मामा तसे चांगले होते, पण तेवढं एक झालं."

पैशाचं त्यातल्या त्यात सोपं आहे. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात सांगितलं आहे की पाप कबूल करावं, घेतलेलं पुरतं परत करावं आणि त्यात पाचवा हिस्सा घालावा. त्या मापाने ४८,००० चे ५७,६०० होतात. शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयाने तर चौपट देतो म्हटलं, तेही कुणी न मागता, प्रभू त्याच्या घरी आल्याच्या आनंदात. मी या आकड्यांचा कायदा करत नाही, तुमची ऐपत मला ठाऊक नाही. पण त्यामागचा विचार घ्या. नऊ वर्षं छप्पर गळलं असेल तर त्या गळतीचाही हिशेब आहे. तुम्ही टाकलेले २०,००० मी जमेला धरतो, पण एक बोलायला हवं. ते तुम्ही दान म्हणून टाकलेत. त्या रविवारी कुणीतरी त्या अनोळखी दात्यासाठी उपकारस्तुतीची प्रार्थनाही केली असेल. चोरलेलं परत करताना ते दान म्हणून नोंदवलं गेलं, तर खतावणीत आणखी एक खोटी नोंद वाढते. उरलेली रक्कम भराल तेव्हा पावतीवर 'परतफेड' असं लिहून घ्या. मंडळीचा निधी हा सहसा नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाचा पैसा असतो. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली त्याचे हिशेब तपासले जातात, म्हणून हे काम खिशातून खिशात उरकू नका. कबुलीनंतर कायद्याच्या बाजूने काय होऊ शकतं, हे एखाद्या वकिलाला आधी विचारा. हे पळवाट शोधण्यासाठी करू नका. पुढे काय येऊ शकतं ते माहीत असून जो कबूल करतो त्याची कबुली टिकते; अचानक घाबरलेला माणूस दुसऱ्या दिवशी शब्द फिरवतो.

मामांचं मात्र कुठल्याच पावतीने भागणार नाही. यासाठी मला एका शेतकऱ्याची गोष्ट आठवते. साठीतला गृहस्थ, मंडळीत मानाचा. त्याने वर्षानुवर्षं नांगरताना थोरल्या भावाच्या रानातला बांध कोरला होता, दरसाल थोडा थोडा. भाऊ वारला तेव्हा मातीला उभं राहताना याच्या पायाखालची जमीन सरकली. माझ्याकडे येऊन म्हणाला, "साहेब, प्रार्थना करा." बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शेजाऱ्याची सीमा सरकवणाऱ्याला शाप आहे, ते वचन त्याला पाठ होतं. मी प्रार्थना केली आणि मग म्हटलं, "आता मोजणीचा अर्ज करू." त्याने वर पाहिलं. तो मनाची उभारी मागायला आला होता आणि मी सरकारी मोजणीची गोष्ट काढली होती. तरी तो गेला. भावजयीपुढे बसून सगळं सांगितलं, मोजणी आणली, साडेतीन गुंठे निघाले, बांध सरकवून दगड रोवले. भावजय रडली आणि तिने त्याला चहा दिला. पुतण्या मात्र चार वर्षं त्याच्याशी बोलला नाही. गावात लोक हसले, बांध कोरणारे ते काही एकटे नव्हते, म्हणून जास्तच हसले. मी त्याला एकदा विचारलं, पस्तावलात का? म्हणाला, "आता रानात गेलो की दोन्हीकडं बघता येतं." आधी तो भावाच्या बाजूला पाहतच नसे.

पुतण्याचं मुद्दाम सांगितलं. तुम्ही जाल आणि मामा मिठी मारतील असं मी तुम्हाला वचन देऊ शकत नाही. ते दार लावून घेतील. त्यांची मुलगी तुम्हाला नको ते बोलेल आणि तिला तो हक्क आहे. कबुली देणं आपल्या हातात आहे, क्षमा करणं त्यांच्या हातात. क्षमा मिळावी म्हणून दबाव आणायचा नाही, "प्रभूने क्षमा करायला सांगितलं आहे" असलं वचन तर त्यांच्या उंबऱ्यावर चुकूनही काढायचं नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथे बसून ठरवता येणार नाहीत. मामांची तब्येत कशी आहे, धक्का सोसेल का, हे मुलीकडून आधी कळायला हवं. तुमचे आताचे पाळक तोंडाचे पक्के आहेत का? नसतील तर शेजारच्या मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या पाळकांकडे जा. तुमच्या पत्नीला यातलं किती ठाऊक आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. गावात कळण्याआधी तिला तुमच्या तोंडून कळलं पाहिजे, याबद्दल मात्र मला शंका नाही. आणि देव न करो, मामा तोवर गेले असतील तरी वाट बंद नाही. ज्याचं देणं आहे तो नसेल तर काय करायचं, याचीही तजवीज गणनाच्या त्याच अध्यायात आहे. त्यांच्या मुलीपुढे आणि मंडळीपुढे त्यांचं नाव धुता येईल.

आधी पाळकांकडे जा, एकट्याने सगळीकडे नको, असं मी म्हणतो ते प्रभूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत याच्याकडे पाहून म्हणतो. आपण विसरतो की यहूदानेही कबुली दिली होती. निर्दोष रक्त धरून देऊन मी पाप केलं, असं तो म्हणाला आणि तीस रुपयेही परत घेऊन गेला. कबुली होती, परतफेड होती. पण तो ज्यांच्याकडे गेला ते म्हणाले, त्याचं आम्हाला काय? तुझं तू पाहा. आणि तो एकटा निघून गेला, मरणाकडे. पेत्रानेही त्याच रात्री प्रभूला नाकारलं, तोही ढसाढसा रडला, पण पुनरुत्थानाच्या सकाळी तो इतर शिष्यांमध्ये सापडतो. 'तुझं तू पाहा' असं जो म्हणणार नाही अशा माणसाजवळ पहिली कबुली द्यायची असते. या नऊ वर्षांत जीव नकोसा वाटण्याइतका भार कधी झाला असेल, किंवा आता होईल, तर ते आजच जवळच्या कुणाला तरी सांगा. मानसिक आधारासाठीचा टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो फोन करणं हे अविश्वासाचं लक्षण नाही.

उलट बाजूचा एक धोकाही सांगून ठेवतो. सगळं करून झाल्यावरही मन तेच पाप पुन्हा उकरून काढेल. लूथर तरुण संन्यासी असताना आपल्या वडीलधाऱ्यांपुढे तासन्‌तास कबुली देत बसायचा आणि बाहेर पडल्यावर राहिलेलं काहीतरी आठवून परत फिरायचा. माझ्या एका मंडळीतल्या आजी तरुणपणचं एक पाप वीस वर्षं दर प्रभुभोजनाआधी मला सांगत. ज्यांचा अपराध केला होता त्यांनी कधीच माफ केलं होतं. शेवटी मी त्यांना म्हटलं, "आजी, हे पाप आता देवाकडे उरलेलं नाही, फक्त तुमच्याकडे आहे. पुढच्या वेळी हे ऐकणार नाही." त्या रागावल्या, मग हसल्या. तुमचं आज तसं नाही, तुमची कबुली अजून अपुरी आहे. पण ती पुरी झाली की मग तिला परत परत मोजत बसू नका.

आता करायचं काय, ते थोडक्यात. येत्या प्रभुभोजनाला वेदीजवळ उभे राहू नका. मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभूने सांगितलं आहे की अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर. कुणी विचारलं तर "एक काम राहिलं आहे, ते करून येतो" एवढं सांगा, ते खरंच आहे. या आठवड्यात पाळकांना भेटा, त्याच रात्री पत्नीला सांगा. मग वकील, मग मामा. मामांकडे पाळकांना बरोबर न्या, पण बोलायचं तुम्ही. त्यांचं ऐकून घेतल्यावरच पंचकमिटीपुढे जायचं आणि पंचपद सोडायचं. मंडळीपुढे काय आणि कोणत्या शब्दांत जाहीर करायचं, हे मामांना विचारून ठरवा. सगळ्यांसमोर आपलं नाव निघावं की न निघावं, हे त्यांनी ठरवायचं. मला माझ्या चुकीतून एवढं कळलं आहे.

मामांपुढे काय बोलायचं ते तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण लोक नेमकं इथेच घसरतात. आईचं ऑपरेशन पहिल्या वाक्यात आणू नका. ते खरं आहे, पण त्या उंबऱ्यावर ते ढालीसारखं वाटेल. "माझ्याकडून चूक झाली" असंही म्हणू नका. चूक बेरजेत होते. साधं बोला. "मामा, ते पैसे मी घेतले होते. तुम्हाला विचारलं तेव्हा मी तिथे होतो आणि गप्प बसलो. तुमचं नाव माझ्यामुळे गेलं. ते मी मंडळीपुढे सांगणार आहे, तुम्ही म्हणाल तसं." मग थांबा. ते कितीही वेळ बोलले नाहीत तरी थांबा. नऊ वर्षं ते गप्प बसले आहेत, आता आधी त्यांना बोलू द्या.

पंच्याहत्तरीच्या माणसाच्या बाबतीत पुढच्या नाताळापर्यंत थांबू नका. पाळकांना आज संध्याकाळीच फोन लावा.